अंपायर घरचाच

आमच्या लीगच्या खालच्या डिव्हिजनला बाहेरचा अंपायर मिळत नाही. जी टीम बॅटिंग करते, तिचेच दोघे पांढरे कोट चढवून उभे राहतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला कोणीतरी नव्या माणसाची फिरकी घेतंय असंच वाटलं. माझं क्रिकेट महाडकडचं. भात कापून झालं की खाचरात बांध सपाट करून टेनिस बॉलवर खेळायचं. तिथे बॅटिंगवाल्यांचाच अंपायर म्हटलं असतं तर मॅच तिसऱ्या ओव्हरपर्यंतही पोचली नसती. तिथे अंपायर तिसऱ्या गावचा लागतो, आणि दुपारपर्यंत त्याचीही कुठलीतरी सोयरीक लोक शोधून काढतात.

इथे, नॉर्थ यॉर्कशरमधल्या या गावात, कोणी काही शोधत नाही. सोयरीक उघड आहे. अंपायर घरचाच आहे, आणि त्याने आपल्याच माणसाला आऊट द्यायचं आहे.

गाव म्हणजे एक चर्च, एक पब, एक प्राथमिक शाळा आणि ओढ्याकडे उतरत गेलेलं मैदान. उताराबद्दल तक्रार करायची सोय नाही. लगेच कोणीतरी सांगतं की लॉर्ड्सलाही एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत अडीच मीटरच्या आसपास उतार आहे. फरक इतकाच की लॉर्ड्सवर बॉल बाउंड्रीबाहेर गेला तर तो ओढ्यात उतरून काढावा लागत नाही. क्लबच्या दोन टीम. मी दुसऱ्या टीममध्ये. आमचा कप्तान शाळामास्तर, ओपनर प्लंबर, एक दूध-उत्पादक शेतकरी आठव्या-नवव्या नंबरला येऊन बॅट फिरवतो, आणि एक बापलेक आहेत. बाप इलेक्ट्रिशियन, मुलगा पंधरा वर्षांचा, डावखुरा स्पिनर.

ज्या मॅचबद्दल सांगतोय ती जुलैमधली. मैदानाची तयारी शुक्रवारी संध्याकाळपासून. पिच बघणारे आजोबा निवृत्त बस ड्रायव्हर. पिचच्या मातीत चिकणमाती भरपूर, त्यामुळे रोलर फिरवायची वेळ साधावी लागते. ओल जास्त असेल तर माती रोलरला चिकटून वर येते, अगदी सुकली तर रोलर नुसताच वरून जातो. आजोबांकडे यासाठी कुठलंही यंत्र नाही. अंगठा दाबतात, अंगठ्याचा ठसा बघतात आणि घरी जातात किंवा इंजिन सुरू करतात. त्या दिवशी इंजिन सुरू केलं. मी गवत गोळा करत होतो, आणि खिशाला चार पैसे मिळावेत म्हणून तो पंधरा वर्षांचा पोरगा लाकडी चौकट ठेवून चुन्याने क्रीझ रंगवत होता. स्टंपपासून पॉपिंग क्रीझ, म्हणजे बॅट्समनने जिच्या आत राहायचं ती रेषा, चार फूट. त्याने रेषा जरा जाडच काढली. आजोबा म्हणाले, जाड झाली म्हणून काही बिघडत नाही, हिशेबात फक्त स्टंपकडची कड धरतात. रेषेवर म्हणजे आत नाही. पोरगा हूं म्हणाला आणि दुसऱ्या टोकाला गेला.

समोरची टीम खोऱ्यातल्याच पलीकडच्या गावची. चॅम्पियन व्हायची आशा दोघांनाही नाही, खाली घसरायची भीती दोघांनाही नाही. तरी या एका मॅचला माणसं खुर्च्या घेऊन येतात. त्यांनी टॉस जिंकून बॅटिंग घेतली आणि ४० ओव्हरमध्ये ८ बाद १८७ केल्या. त्या डावाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आम्ही दोन सोपे कॅच सोडले, त्यांनी दोन अवघड धावा घेतल्या, बापाने तीन विकेट काढल्या आणि मुलाने एक.

मधे चहा. कोविडनंतर इथल्या बऱ्याच लीगनी चहाची सक्ती काढून टाकली. प्रत्येकाने आपापला डबा आणावा. आमच्याकडे मात्र तो निर्णय लीगच्या हातात नाही, स्कोअरर बाईंच्या हातात आहे. ऐंशीच्या पुढच्या या बाई. त्यांचा नवरा इथे खेळायचा, मग मुलगा खेळला, आता कोणीच खेळत नाही, पण स्कोअरबुक यांच्याकडेच. त्यांच्या मते चहा नसलेली मॅच ही मॅचच नव्हे. अंड्याचे सँडविच, स्कोन, जॅम, आणि टेबलाच्या टोकाला माझ्याकडचे शंकरपाळे, जे सगळ्यात आधी संपतात. बाईंनी यॉर्कशरकडून खेळणारा सचिन बघितलेला आहे. त्याआधी यॉर्कशरकडून खेळायचं तर यॉर्कशरमध्येच जन्मलेलं असावं असा दंडक होता. बाहेरच्या देशाचा पहिला खेळाडू म्हणून १९९२ साली त्यांनी घेतला तो सचिन, वय १९. त्या मोसमात त्याने काउंटीसाठी १०७० धावा केल्या. मला हा आकडा पाठ आहे, कारण बाई तो दर मोसमात किमान एकदा सांगतात, आणि पुढे हेही सांगतात की पोरगा गुणी होता, पण थंडीने कुडकुडायचा.

आमची बॅटिंग सुरू झाली. मी तिसऱ्या नंबरला गेलो, ११ वर बोल्ड झालो, पॅड सोडले, पाणी प्यायलो आणि कोट चढवला. तेव्हा चौदावी ओव्हर चालू होती. नियमाने दहा-दहा ओव्हरनी अंपायर बदलायचे असं ठरलेलं असतं, पण पुढे कोणी पॅड घालून बसलेला असतो, कोणी मुलांना घरी सोडायला गेलेला असतो, आणि कोटातला माणूस कोटातच राहतो.

कोटाच्या खिशात सहा खडे असतात. प्रत्येक बॉलला एक खडा उजव्या खिशातून डाव्या खिशात. क्लिकरही आहे, पण माझा भरवसा खड्यांवर. वाइड किंवा नोबॉल झाला तर खडा हलवायचा नाही, हात करायचा, आणि स्कोअरर बाई पॅव्हेलियनमधून हात वर करेपर्यंत पुढचा बॉल टाकू द्यायचा नाही. अठराव्या ओव्हरला त्यांच्या ऑफस्पिनरचा एक बॉल बॅट्समनच्या पायामागून गेला, मी दोन्ही हात पसरले, बाईंनी हात वर केला. अशी गोष्ट एरवी लक्षात राहायचं कारण नाही. ही का राहिली ते पुढे येईल.

खरी गंमत अपिलात. एलबीचं, म्हणजे पायचीतचं, अपील झालं की डोक्यात ओळीने प्रश्न विचारायचे. नोबॉल होता का? टप्पा लेग स्टंपच्या बाहेर पडला का? पडला असेल तर तिथेच विषय संपला. पॅडला लागला तेव्हा ऑफ स्टंपच्या बाहेर होता का, आणि असेल तर बॅट्समन खेळायला गेला होता का? आणि शेवटी, पॅड मधे नसता तर बॉल स्टंपवर गेला असता का? टीव्हीवर याला रंगीत रेषा असतात, चार कोनांतून चार वेळा बघायला मिळतं. इथे अर्धा सेकंद, आणि अकरा माणसं तोंडावर ओरडत असतात. त्यातून बॅट्समन तुमचा कप्तान.

सव्विसाव्या ओव्हरला तेच झालं. कप्तान ३८ वर छान खेळत होता, आमच्या ११२ झाल्या होत्या. ऑफस्पिनरचा बॉल खाली राहिला, कप्तान मागे सरकून खेळायला गेला आणि मधल्या स्टंपसमोर घोट्यावर लागला. विचारायला एकही प्रश्न उरला नव्हता. मी बोट वर केलं. कप्तानाने एकदा माझ्याकडे बघितलं, बॅट काखेत मारली आणि चालू लागला. टीम तोच निवडतो, हे त्या क्षणी माझ्या मनात आलं नाही असं म्हणणार नाही. पुढच्या ड्रिंक्सला त्याने स्वतः पाण्याची बाटली आणून दिली. बोलला काही नाही. यॉर्कशरमध्ये एवढं झालं म्हणजे दाद मिळाली असं धरायचं.

त्याच्या अगदी उलट प्रसंग प्लंबरचा. तो विशीतल्या धावसंख्येवर असताना एक बॉल बॅटच्या बाहेरच्या कडेजवळून कीपरच्या ग्लोव्हमध्ये गेला. मला टक् असा आवाज स्पष्ट ऐकू आला. मी वाट बघितली. कीपरने बॉल स्लिपकडे टाकला, स्लिपने बोलरकडे. कोणी हूं की चूं केलं नाही. नियम ३१ सांगतो, की फील्डिंगवाल्यांनी विचारल्याशिवाय अंपायरने आऊट द्यायचं नाही. त्यांनी विचारलं नाही, मी खडा या खिशातून त्या खिशात टाकला. प्लंबर पिचवर बॅटीने ठोकठोक करत राहिला, जरुरीपेक्षा जरा जास्त वेळ. स्वतःहून चालू लागणारे लोक इथे आहेत, पण प्लंबर त्यांतला नव्हे. नियमाप्रमाणे सगळं चोख होतं, आणि तरी पुढच्या दोन-तीन ओव्हर मी कीपरच्या नजरेला नजर दिली नाही.

तिसाव्या ओव्हरला बाप कॅच आऊट झाला आणि कोट घालून समोरच्या टोकाला आला. पस्तीस ओव्हरला ७ बाद १५४. तीस बॉलमध्ये ३४ हव्यात. प्लंबर आणि शेतकरी खेळत होते. सात आल्या, मग पाच.

अडतिसावी माझ्या टोकाकडून, त्यांचा डावखुरा मीडियम पेसर, ओव्हर द विकेट, म्हणजे टाकणारा हात स्टंपच्या बाजूला. तिसरा बॉल प्लंबरच्या पुढच्या पॅडवर बसला आणि सगळं खोरं ओरडलं. बोलर माझ्याकडे पाठमोराच धावत गेला, अपील न वळताच, आऊट धरूनच. दिसायला सरळ समोर होता. पण डावखुरा त्या बाजूने टाकतो तेव्हा बॉल तिरका येतो, आणि याचा टप्पा लेग स्टंपच्या बाहेर पडलेला मला दिसला होता. हिरव्या पिचवर कोरडा डाग होता, त्याच्या पलीकडे. मी म्हटलं, नॉट आऊट. बोलर वळला. त्यांचा कप्तान मिडऑफवरून सावकाश चालत आला आणि अदबीने म्हणाला, "टप्पा बाहेर, असंच ना?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "ठीक." मग परत जाताना, मला ऐकू येईल पण मला उद्देशून नाही अशा आवाजात, "घरचं मैदान आहे बाबा."

याला उत्तर नसतं. कप्तानाला दिलेलं आऊट आठवून द्यावं असं फार वाटतं, पण अंपायरने जुनी बिलं दाखवायची नसतात. त्या ओव्हरला आठ आल्या, १७४. पुढच्या ओव्हरला पाच आल्या, १७९, आणि शेवटच्या बॉलवर प्लंबर ६४ वर लाँगऑनला झेल देऊन गेला. ९ हव्यात, सहा बॉल, आणि आता हेल्मेट सावरत आला तो पोरगा. इथे अठरा वर्षांखालच्यांना बॅटिंगला हेल्मेट घालावंच लागतं, आणि याचं जरा मोठंच होतं.

ओव्हर बदलली म्हणून स्ट्राइक शेतकऱ्याकडे, पोरगा माझ्या शेजारी. त्याचा बाप स्क्वेअर लेगला. पहिल्याच बॉलला पोरगा बोलरने हात फिरवायच्या आत दोन पावलं पुढे. बोलर थांबला, बॉल स्टंपजवळ धरून त्याने नुसतं बघितलं. १९४७ मध्ये सिडनीला विनू मंकडने बिल ब्राउनला असं, क्रीझ सोडून पुढे गेला म्हणून बेल्स उडवून, आऊट केल्यापासून हा वाद सत्तर-पंचाहत्तर वर्षं चालला. २०२२ पासून नियमांच्या पुस्तकात तो अखिलाडूपणाच्या प्रकरणातून उचलून साध्या रनआऊटमध्ये टाकलाय. बेल्स उडवून अपील केलं असतं तर मला बोट वर करावंच लागलं असतं. त्याने उडवल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाला, "सांगा त्याला." मी पोराला काही सांगितलं नाही, ते माझं काम नव्हतं. गरजही नव्हती, कानापर्यंत लाल झाला होता.

पहिल्या बॉलवर शेतकऱ्याची एक. आठ हव्यात. दुसरा बॉल पोराच्या बॅटीजवळून गेला. तिसऱ्यावर त्याने जोरात घातली, कड लागली, आणि बॉल कीपर आणि स्लिपच्या मधून उतारावरून ओढ्याच्या दिशेने पळत गेला. चार. चौथ्यावर एक. पाचव्यावर शेतकऱ्याने सगळा जीव काढून मारला, लाँगऑनने अडवला, एकच मिळाली. १८६. शेवटचा बॉल, दोन हव्यात, पोरगा स्ट्राइकवर.

बोलरने विचारलं, "किती राहिले?" मी उजव्या खिशात हात घालून म्हटलं, एक.

पायात पडलेला बॉल पोराने डीप मिडविकेटकडे ढकलला आणि दोघं पळाले. पहिली धाव आरामात झाली. फील्डर उजवीकडून आडवा येत होता, शेतकरी दुसऱ्या धावेला हो म्हणून ओरडला, पोरगा वळला. माझ्या टोकाला काही होणार नव्हतं, म्हणून मी नुसता बघत होतो. बॉल त्याच बाजूने येत होता, म्हणून बाप स्क्वेअर लेगवरून मागे सरकला, थ्रोच्या वाटेतून बाहेर झाला, आणि पुन्हा क्रीझच्या बरोबर रेषेत येऊन कमरेत वाकून थांबला. थ्रो एका टप्प्यावर कीपरच्या हातात. पोराने झेप घेतली, बॅट पुढे सरकली, बेल्स उडाल्या.

बॅट रेषेवर होती. त्याने स्वतः काढलेल्या जाड रेषेवर.

अपील झालं. बापाने सरळ उभं राहून बोट वर केलं. मला वाटतं त्याने अर्धा सेकंदही घेतला नाही. मी घेतला असता.

पहिली धाव धरायची, दुसरी नाही. १८७ आणि १८७. टाळ्या वाजल्या, पण अर्ध्या लोकांना नक्की काय झालं ते कळलं नव्हतं. टाय आहे हे जाहीर करायला आम्हा दोघांना अजून मोकळीक नव्हती, कारण नियमाने स्कोअर बरोबर आहे याची खात्री करणं हे अंपायरचंच काम. तेव्हा आम्ही दोघं कोटासकट पॅव्हेलियनच्या खिडकीशी गेलो. आत बाई आणि त्यांच्या शेजारी पाहुण्यांचा स्कोअरर. त्यांचा नेहमीचा माणूस आला नव्हता, म्हणून कोणाचा तरी चुलतभाऊ बसवला होता. त्याची एकूण बेरीज १८७च होती, कारण ती तो बाईंना विचारून लिहीत होता. पण खाली बोलरांच्या रकान्यांची बेरीज आणि बाय-लेगबाय, म्हणजे बॅटीला न लागता पळालेल्या धावा, मिळवले तर १८६ येत होते. बॅट्समनच्या बाजूची बेरीज आणि बोलरांच्या बाजूची बेरीज जुळली नाही, तर पुस्तकात कुठेतरी एक धाव हरवलेली किंवा जास्तीची असते. १८६ म्हणजे आम्ही हरलो. त्यांचा कप्तान खिडकीपाशी येऊन म्हणाला, "घाई नाही, आम्ही थांबतो."

बाईंनी चष्मा पुसला आणि एकेक ओव्हर बोट ठेवून वाचायला घेतली. त्या वाचतात, चुलतभाऊ आपल्या पुस्तकात बघतो. अठराव्या ओव्हरला बाईंकडे सात खुणा, त्यांतली एक फुली, म्हणजे वाइड. त्याच्याकडे सहाच. मी म्हटलं, वाइड मी दिला होता, यांनी हात केला होता. पण मी घरचा, बाईही घरच्या. क्षणभर कोणी बोलेना. तेवढ्यात मागून त्यांचा ऑफस्पिनर, हातात अर्धा स्कोन, म्हणाला, "होता की. पायामागून गेला. भिकार बॉल." चुलतभावाने फुली मारली. बाईंनी त्याला दुसरं पान उलटायच्या आधी नीट खाडाखोड करायला लावली.

गुण अर्धे-अर्धे वाटले गेले. स्टंप उपटले, पिचवर पाणी मारलं, आजोबा शेवटच्या बॉलच्या टोकाला जाऊन क्रीझ बघून आले आणि आपण काही बोलत नाही असा चेहरा करून बारमध्ये बसले. तिथे पाहुण्यांच्या कप्तानाने बापाला बिअर पाजली. मला नाही पाजली, पण लेग स्टंपच्या बाहेरचा तो टप्पा त्याने पुन्हा काढला आणि मी बीअरमॅट ठेवून कोन दाखवला. त्याला पटला नाही. प्लंबर पलीकडे बसून कीपरला सांगत होता की कड लागली होती. कीपर म्हणत होता, माहीत आहे, मला वाटलं स्लिपवाला विचारेल. स्लिपवाल्याला वाटलं होतं कीपर विचारेल.

पोरगा जिंजर बिअर घेऊन बापासमोर बसला होता.

"डॅड, मी रेषेवर होतो."

"होतास. रेषेवर म्हणजे आऊट."

"लेगला दुसरा कोणी असता तर नसता दिला."

"मग तू जिंकून आला असतास आणि मला घरी येईपर्यंत झोप लागली नसती."

पोराने थोडा विचार केला. आमच्या लीगमध्ये अठराच्या आधी कोट घालता येत नाही. "तीन वर्षं थांब," तो म्हणाला. "पहिल्या बॉलला एलबी देतो तुला."